फॉर्ममध्ये मापं भरली की कटिंगची फाइल तयार: फ्लँज-स्प्रॉकेटसाठी असं कोणी केलंय का?

मेहरूणकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. दालमिल, जिनिंग आणि शेती अवजारांचे स्पेअर करतो. फ्लँज (बोल्टने जोडायची होलवाली चकती), स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), बेअरिंगच्या बैठका, बेस प्लेटा. एक नग, दोन नग, फार तर डझनभर. यात नवीन डिझाइन असं काही नसतंच. बाहेरचा व्यास किती, बोअर (मधलं भोक) किती, बोल्टची होल किती, पीसीडी (होलांच्या केंद्रांवरून जाणाऱ्या गोलाचा व्यास) किती, जाडी किती. आकार तोच, आकडे बदलतात. तरी प्रत्येक ऑर्डरला कोणीतरी कॅडसमोर (कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरसमोर) बसून तीच फ्लँज पुन्हा पहिल्यापासून काढतं. ड्रॉइंग करणारा पोरगा दुपारनंतर येतो. तोवर लेझरवाल्याची त्या जाडीची शीट लागून गेलेली असते, मग आपला नग दुसऱ्या दिवशी. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) पेरणीयंत्रवाले दारात उभे राहतात तेव्हा हे फार अंगावर येतं.

मला हवंय ते एवढंच: मोबाइलवर उघडेल असा साधा फॉर्म. मापं टाकली की खाली चित्र दिसावं, बटण दाबलं की लेझरसाठी डीएक्सएफ (सपाट ड्रॉइंगची फाइल) आणि जमलं तर व्हीएमसीवाल्यासाठी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) स्टेप, म्हणजे थ्रीडी फाइल मिळावी. पायथॉन थोडंफार येतं. ओपनस्कॅडमध्ये (कोड लिहून आकार काढायचं फुकट सॉफ्टवेअर) फ्लँज लिहून पाहिली, आकडे बदलले की चित्र बदलतं. याच रस्त्याने पुढे जावं का?

अवधानचा_फॅब्रिकेटर (धुळे)

आमच्याकडे सॉलिडवर्क्स आहे, त्यात डिझाइन टेबल करून ठेवलंय. एक्सेलच्या एका ओळीत मापं, त्या ओळीचा एक पार्ट. बसल्या जागी काम होतं, वेबसाइट-बिबसाइट लागत नाही. मालक स्वतः कॉम्प्युटरवर बसत असेल तर एवढं पुरे. मात्र तेच सॉफ्टवेअर मागे ठेवून समोर गिऱ्हाइकांसाठी फॉर्म उघडायचा विचार असेल, तर लायसन्सच्या अटी आधी नीट वाचा. एका माणसाने एका मशीनवर वापरायचं लायसन्स आणि सर्व्हरवर चालवायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

मेहरूणकाठ

भाऊ, आपल्याकडे ते लायसन्सच नाही. फुकटातलं बघतोय म्हणून तर विचारतोय. 😀

पुण्यातला_अमळनेरकर

फुकटातलं भरपूर आहे, पण ओपनस्कॅडवर थांबू नका. कारण सांगतो.

ओपनस्कॅडला खरा गोल माहीत नसतो. तो गोल म्हणजे अनेक बाजूंचा बहुभुज. काही सेटिंग न बदलता ४० मिमीचं होल काढलं तर ते ३० बाजूंचं होतं. त्याचे कोपरे ४० च्या वर्तुळावर बसतात, पण समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर भरतं ३९.७८. थ्रीडी प्रिंटच्या खेळण्याला चालून जाईल, शाफ्टला नाही. बाजू वाढवून ३०० केल्या तर माप सुधारतं, पण डीएक्सएफमध्ये त्या ३०० छोट्या रेषाच जातात. लेझरचं डोकं एका गोलावरून सरळ फिरायच्या ऐवजी तुकड्या-तुकड्याने चालतं आणि कड खडबडीत येऊ शकते. शिवाय ओपनस्कॅडमधून स्टेप निघतच नाही. एसटीएल निघते, पण एसटीएल म्हणजे नुसती त्रिकोणांची जाळी. तिच्यात मिलिमीटर की इंच हेसुद्धा लिहिलेलं नसतं. व्हीएमसीवाल्याला ती दिली तर त्याला होलाचा मध्य हुडकत बसावं लागेल.

तुमच्या कामाचे दोन भाग करा.

सपाट प्लेट, म्हणजे लेझरचा माल: इथे थ्रीडीची गरजच नाही. पायथॉनची ईझीडीएक्सएफ नावाची लायब्ररी आहे. तिला केंद्र आणि त्रिज्या सांगितली की ती खरा गोल लिहिते, कंस सांगितला की खरा कंस. डीएक्सएफ आतून साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडून बघा. ० या कोडखाली 'सर्कल', ८ खाली लेयर, १० आणि २० खाली केंद्राचे एक्स-वाय, ४० खाली त्रिज्या. एकदा वाचलीत की भीती जाते.

हब (मधला उंच भाग) असलेला, पायरी असलेला, चॅम्फर (तिरपी कापलेली कड) असलेला माल: यासाठी कॅडक्वेरी. तीही पायथॉनच, मागे ओपन कॅस्केड नावाचं इंजिन चालतं. फ्रीकॅडच्या पोटातही तेच इंजिन आहे. यातून खरी स्टेप मिळते, गोल तो गोलच राहतो.

आणखी एक. डीएक्सएफची आवृत्ती आर१२ ठेवू नका, २००० किंवा पुढची घ्या आणि युनिटच्या खान्यात ४ लिहा. ४ म्हणजे मिलिमीटर. आर१२ मध्ये युनिट लिहायची सोयच नाही. मग समोरच्याचं सॉफ्टवेअर इंचात असेल तर तुमची फ्लँज २५.४ पट होऊन उघडते.

तापी_टर्निंग (भुसावळ)

अमळनेरकरांनी कॉम्प्युटरचं सांगितलं, आता मशीनचं ऐका. हयात लेथवर गेली आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे लेझरच्या झोताची जाडी फॉर्ममध्ये वजा-अधिक करू नका. ती भरपाई लेझरवाला त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. तुम्हीही केली आणि त्यानेही केली की बोअर दोनदा बदललं. तुमच्या फाइलमध्ये शुद्ध माप.

दुसरं, बोअर लेझरचंच ठेवायचं की नंतर लेथवर करायचं हे फॉर्मनेच विचारलं पाहिजे. बेअरिंग किंवा शाफ्ट बसणार असेल तर लेझरचा कट चालत नाही. २५ च्या बोअरला एच७ (मापात किती फरक चालेल, म्हणजे टॉलरन्स, ते सांगणारा दर्जा) म्हणजे २५.००० ते २५.०२१. लेझरकडून ही अपेक्षा ठेवायची नाही. असा माल असेल तर फॉर्मने डीएक्सएफमध्ये बोअर आपोआप दोन-तीन मिमी कमी काढावं आणि कागदावर 'बोअर नंतर २५ एच७' असं छापावं. नुसती फाइल कधी पाठवू नका. फाइलमध्ये २५ म्हणजे २५, टॉलरन्स त्यात दिसत नाही. सोबत एका पानाची पीडीएफ हवीच.

तिसरं, चावीघाट, म्हणजे शाफ्ट आणि हब सोबत फिरावेत म्हणून चावी बसवायची खाच. शाफ्ट २२ च्या वर ते ३० पर्यंत असेल तर चावी ८ बाय ७, हबमधली खोली ३.३. म्हणजे ३० च्या बोअरला खालच्या कडेपासून घाटाच्या माथ्यापर्यंत ३३.३. ३० च्या वर ३८ पर्यंत चावी १० बाय ८, हबमध्ये खोली तीच ३.३. हे टेबल फॉर्ममध्ये भरून ठेवा, गिऱ्हाइकाला विचारू नका. पण हाताने बदलायची सोय मात्र ठेवा. आपल्याकडच्या जुन्या जिनिंगच्या मशिनी इंचातल्या आहेत, तिथे टेबल लागू पडत नाही. आणि बोअर नंतर लेथवर करायचं असेल तर लेझरच्या फाइलमध्ये घाट काढूच नका. तो नंतर स्लॉटिंगवर (खाच पाडायच्या मशीनवर).

मेहरूणकाठ

काका, हे सोन्यासारखं आहे. बोअर नंतर की आत्ताच, हा प्रश्न माझ्या यादीत नव्हताच. तो आता सगळ्यात वर घेतो.

पांझरा_ट्रॅक्टर_स्पेअर

भाऊ, काम सोपं शे. पन गिऱ्हाईकले माप लेता येत नई, तेनं काय?

मराठीत सांगतो. माझ्या काउंटरवर येणाऱ्या दहातल्या आठांना पीसीडी म्हणजे काय तेच माहीत नसतं. जुनी तुटलेली प्लेट पिशवीत घालून आणतात. फॉर्ममध्ये 'पीसीडी' असा रिकामा खाना ठेवलात तर त्यात काहीही येईल. कोणी त्रिज्या टाकेल, कोणी होलाच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजेल. दुसरं म्हणजे माणसं सूतात बोलतात. 'तीन सूताचा बोल्ट', 'सहा सूत प्लेट'. तुमच्या फॉर्मला सूत कळणार का?

शिरपूरची_मेकॅनिकल

सूताचं सोपं आहे दादा. आठ सूत म्हणजे एक इंच, तर एक सूत ३.१७५ मिमी. खान्याच्या बाजूला मिमी, इंच, सूत असा पर्याय द्यायचा आणि गुणाकार आपण करायचा. फक्त प्लेटच्या जाडीला हे थेट लावू नका. 'दोन सूत' म्हणणाऱ्याला बाजारात ६ मिमीची प्लेट मिळते, ६.३५ ची नाही. जाडीसाठी यादीच द्या, ज्या शीट खरोखर मिळतात तेवढ्याच.

पीसीडीचं मला असं वाटतं की तो विचारूच नये. होलांची संख्या सम असेल तर समोरासमोरच्या दोन होलांच्या आतल्या कडांमधलं अंतर विचारा, त्यात एका होलाचा व्यास मिळवा, झाला पीसीडी. व्हर्नियरने ते मोजणं कोणालाही जमतं. संख्या विषम असेल, पाच होल वगैरे, तर समोर होलच नसतं आणि तिथेच लोक अंदाज लावतात. तेव्हा शेजारच्या दोन होलांचं केंद्रातलं अंतर घ्यायचं आणि १८० भागिले होलसंख्या या कोनाच्या साइनने त्याला भागायचं. पाच होल आणि शेजारचं अंतर ७०.५ असेल तर पीसीडी ११९.९ येतो, म्हणजे मूळ १२० असणार. केंद्र ते केंद्र थेट मोजता येत नाही, म्हणून इथेही आतल्या कडांमधलं अंतर अधिक होलाचा व्यास.

होलाचा व्यासही विचारू नका, बोल्ट विचारा. एम१० ला ११, एम१२ ला १३.५, एम१६ ला १७.५. हे नेहमीचे मोकळे फिट आहेत.

अजून एक गंमत. मराठी कीबोर्ड असलेल्या मोबाइलवरून लोक २५ हे मराठी आकड्यांत टाकतात. पायथॉनला ते चालतं, तो मराठी २५ सरळ पंचवीस म्हणून वाचतो. जावास्क्रिप्टला चालत नाही, तिथे 'हा आकडा नाही' असं उत्तर येतं. चित्र ब्राउझरमध्ये काढणार असाल तर आकडे आधी बदलून घ्या. नाहीतर गिऱ्हाइकाला वाटेल फॉर्मच बिघडला.

पांझरा_ट्रॅक्टर_स्पेअर

आतल्या कडांचं अंतर... हे जमेल लोकांना. ताई, पटलं.

पुण्यातला_अमळनेरकर

+१. याच्या पुढचं म्हणजे तपासणी. बटण दाबायच्या आधी फॉर्मने स्वतःच हिशोब करायचा. पीसीडीमधून होलाचा व्यास वजा केला तर तो बोअरपेक्षा पुरेसा मोठा आहे का? पीसीडी अधिक होल हे बाहेरच्या व्यासाच्या पुरेसं आत आहे का? शेजारच्या दोन होलांमध्ये पट्टी उरते का? ते ताईंनी दिलेलंच सूत्र उलटं: पीसीडी गुणिले साइन, वजा होल. आणि होल प्लेटच्या जाडीपेक्षा लहान असेल तर निदान लाल अक्षरात सूचना. लेझरवाले जाड प्लेटमध्ये बारीक होल द्यायला कुरकुर करतात, ते ड्रिलवर न्यावं लागतं. चूक सापडली तर 'इनपुट चुकीचं' असं लिहू नका. 'होल बाहेरच्या कडेला फोडतंय, पीसीडी बघा' असं लिहा.

चोपडा_रोड

हे सगळं फ्लँजचं झालं. स्प्रॉकेटचं काय? आम्हाला पेरणीयंत्राला स्प्रॉकेटच जास्त लागतात.

तापी_टर्निंग (भुसावळ)

स्प्रॉकेटला फॉर्म उलट सोपा पडतो, कारण विचारायचं कमी असतं. कोणती चेन, दात किती, बोअर किती. बाकी सगळं त्यातून निघतं.

पिच म्हणजे चेनच्या शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर. पिच व्यास म्हणजे पिच भागिले साइन (१८० भागिले दात). अर्धा इंची चेन, १९ दात: १२.७ ला ०.१६४६ ने भागा, ७७.१६ येतो. दाताच्या तळाचा कंस रोलरच्या व्यासाच्या ०.५०५ पट किंवा थोडा जास्त. ०८बी (हा चेनचा ठरलेला नंबर) चेनचा रोलर ८.५१, म्हणजे कंसाची त्रिज्या ४.३.

गोंधळ 'अर्धा इंची' म्हणण्यात आहे. ०८ए आणि ०८बी दोन्हींची पिच १२.७ च, पण ०८ए चा रोलर ७.९२ आणि ०८बी चा ८.५१. सायकलच्या चेनची पिचही अर्धा इंचच, रोलर आणि रुंदी आणखी वेगळी. म्हणून गिऱ्हाइकाने अर्धा इंच निवडलं की फॉर्मने लगेच रोलरचा व्यास विचारायचा. चेनच्या पट्टीवर नंबर असेल तर तोच विचारा, मग दुसरं काही नको. 'पाच सूत' आणि 'पाऊण इंची' म्हणजे बहुतेक वेळा १०बी आणि १२बी, १५.८७५ आणि १९.०५.

जाडीही फॉर्मनेच सांगावी. ०८बी ला दाताची रुंदी ७.२ पर्यंत चालते. ८ ची प्लेट लावली तर ती चेनच्या आतल्या पट्ट्यांत घुसणार नाही, लेथवर फेस मारावी लागेल. ६ ची चालते. १२बी ला १० ची प्लेट आरामात.

चोपडा_रोड

काका, ते ८ ची प्लेट घासत बसायचं काम आमच्याकडे दरवर्षी चालतं. 🙏

यावल_केळीवाला

एक शंका. हे सगळं आता एआयला सांगितलं तर? 'अमुक मापाची फ्लँज दे' म्हटलं की फाइल देतो म्हणे.

पुण्यातला_अमळनेरकर

फॉर्ममागचा प्रोग्राम लिहून घ्यायला जरूर वापरा, वेळ वाचतो. पण प्रत्येक ऑर्डरची फाइल त्याच्याकडून थेट घेऊ नका. आज १३.५ देईल, उद्या त्याच प्रश्नाला १३. टेम्प्लेट (आकाराचा ठरलेला प्रोग्राम) एकदा तपासलं की तीच मापं टाकल्यावर तीच फाइल आली पाहिजे. चावीघाटाचा आकडा काकांच्या टेबलातून आला पाहिजे, कोणाच्या आठवणीतून नाही.

जामनेरचा_सर्व्हर

आयटीत आहे, लेथ कळत नाही. पण फॉर्म उघडा ठेवणार असाल तर थोडं माझंही ऐका.

फॉर्ममध्ये आलेला मजकूर कधीही जसाच्या तसा कमांडमध्ये चिकटवू नका. ओपनस्कॅडला कमांडवरून माप देता येतं, पण तिथे दिलेला मजकूर तो आकडा म्हणून नाही, कोड म्हणून वाचतो. व्यासाच्या खान्यात कोणी भलतंच लिहिलं तर तेही चालवायला घेईल. आधी आकड्यात बदला, कमाल-किमान मर्यादा लावा, मगच पुढे.

कॅडक्वेरी वेब सर्व्हरच्या त्याच प्रोसेसमध्ये चालवू नका. मागचं ओपन कॅस्केड सी-प्लस-प्लसमध्ये आहे. चॅम्फर किंवा फिलेट (गोल केलेली कड) अशक्य मापाचा दिला की कधी ते नीट एरर देतं, कधी सरळ कोसळतं. कोसळलं तर पायथॉनचा ट्राय-एक्सेप्ट (चूक पकडायची सोय) काही वाचवत नाही, पूर्ण सर्व्हर जातो. वेगळी प्रोसेस, तिला वेळेची मर्यादा, वेळ संपली की मारून टाका आणि गिऱ्हाइकाला 'फोन करा' असं दाखवा.

आणि फाइली साठवू नका, मापं साठवा. प्रत्येक ऑर्डरची मापं आणि टेम्प्लेटचा आवृत्ती क्रमांक एका ओळीत. दोन वर्षांनी गिऱ्हाईक 'तीच प्लेट परत द्या' म्हणालं की फाइल पुन्हा तयार होते. आवृत्ती क्रमांक विसरलात तर मात्र मधल्या काळात तुम्ही टेम्प्लेट सुधारलेलं असेल आणि प्लेट जुन्या नगाशी जुळणार नाही.

मेहरूणकाठ

सर्व्हर भाड्याने घ्यायचा की वर्कशॉपमध्येच ठेवायचा? आमच्याकडे लाइटीचा भरवसा नाही.

जामनेरचा_सर्व्हर

सपाट प्लेटसाठी सर्व्हरच नको. डीएक्सएफ टेक्स्टच आहे, ती ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने तयार होते. पान एकदा मोबाइलवर उतरलं की नेट नसलं तरी चालेल असं करता येतं. लाइट गेली तरी मोबाइल चालूच. स्टेपसाठी मागाहून छोटा सर्व्हर घ्या. ओपन कॅस्केडही ब्राउझरमध्ये चालवता येतं, पण ते डाउनलोड जड आहे, साध्या मोबाइलवर रडेल. सुरुवातीला नको.

अवधानचा_फॅब्रिकेटर (धुळे)

जबाबदारीचं कोणी बोललंच नाही. गिऱ्हाइकाने स्वतः माप टाकलं, नग बसला नाही, पैसे कोणाचे? माणूस ड्रॉइंग काढतो तेव्हा तो शंका आली की फोन करतो. फॉर्म फोन करत नाही.

तापी_टर्निंग (भुसावळ)

म्हणूनच मी म्हणेन, फॉर्म आधी गिऱ्हाइकाला देऊ नका. काउंटरवरच्या आपल्या माणसाला द्या. गिऱ्हाईक समोर, जुनी प्लेट हातात, आपला माणूस माप घेणार आणि भरणार. फॉर्म जे जे विचारेल ते पोरगा शिकत जाईल हाही फायदाच. एका हंगामात कुठे कुठे माणसं अडतात ते कळेल, मग बाहेर उघडा. आणि चित्र एकास एक कागदावर छापायची सोय ठेवा. लहान फ्लँज ए४ वर बसते. कागदावर जुनी प्लेट ठेवून बघायची, होल जुळले की सही घ्यायची. छापताना प्रिंटरचं 'पानात बसवा' बंद करायला सांगा आणि कोपऱ्यात १०० मिमीची रेघ काढा, पट्टीने मोजायला.

पांझरा_ट्रॅक्टर_स्पेअर

हाई बेस शे! कागदवर प्लेट ठेवी देखाले कोनले बी जमी.

मेहरूणकाठ

मंडळी, मग असं ठरवतो. आधी फक्त गोल फ्लँज आणि ०८बी, १०बी, १२बी ची स्प्रॉकेट प्लेट. ब्राउझरमध्येच, डीएक्सएफ आणि एकास एक छापायचं पान. स्टेप नंतर. पीसीडीचा खाना काढून ताईंचा कडांचा हिशोब टाकतो. बोअर आत्ता की नंतर हा पहिला प्रश्न. काउंटरवर फक्त आमचाच पोरगा वापरेल.

ताई, विषम होलांच्या चित्रात नेमकं कुठून कुठे मोजायचं ते बाणाने दाखवायचं आहे. एखादं कच्चं चित्र काढून द्याल का?

शिरपूरची_मेकॅनिकल

देते, संध्याकाळी टाकते. तीन, पाच आणि सात होल, तिन्हींचं वेगवेगळं काढते. सातच्या चित्रात लोक हमखास एक होल सोडून पुढचं धरतात, तिथे शेजारची दोन होलं रंगवून ठेवू.

चोपडा_रोड

०८ए पण घ्या यादीत. आमच्याकडे दोन्ही येतात.

मेहरूणकाठ

घेतली. रोलरचा प्रश्न तिथेच जोडतो.